सफरचंद चाखल्यावर तोंडाला खाज का सुटते?

ब्रिटनमध्ये १९९० पासून २१ ऑक्टोबरच्या सुमारास ‘ॲपल डे’ साजरा होतो. त्या वेळी एग्रेमंट रसेट, ॲशमीड्स कर्नल अशा सफरचंदांच्या फोडी चाखायला ठेवतात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबातल्या एखाद्याला दोन-तीन फोडींनंतर ओठ, जीभ, टाळू खाजू लागते. फवारणीच्या औषधाला दोष दिला जातो, पण कारण बहुधा वेगळंच असतं.

बर्च झाडाच्या परागकणांतल्या एका प्रथिनासारखंच प्रथिन सफरचंदात असतं. परागकणांची ॲलर्जी असलेलं शरीर दोन्हींत गल्लत करतं. “भारतात लहानपणापासून सफरचंद खाल्लं, तेव्हा काही झालं नाही,” असं रुग्ण सांगतात, आणि ते खरंच असतं. बर्च महाराष्ट्रात नाही (भूर्जपत्र देणारा हिमालयातला भूर्ज त्याचाच भाऊबंद). तिकडचे काही वसंत ऋतू अंगावर गेले की आधी शिंका, डोळ्यांना खाज, आणि मग कधीतरी सफरचंदाचा त्रास सुरू होतो.

हे प्रथिन सगळ्या जातींत सारखं नसतं. गोल्डन डिलिशसमध्ये ते बरंच असतं, तर नेदरलँड्समधली सांताना ही जात अनेकांना सोसते. पण जुनी किंवा गावठी जात म्हणजे निर्धोक, असं मुळीच समजू नका. शिजवल्यावर हे प्रथिन मोडतं, म्हणून कच्च्या फोडीने खाजणाऱ्यांना सफरचंदाचा पाय बहुधा चालतो.

खाज सुटली की खाणं थांबवा, चूळ भरा. त्रास सहसा तासाभरात शमतो. डॉक्टरांनी सुचवलेली ॲलर्जीची गोळी घेता येते. “आता दुसरी जात बघू” हा मोह मात्र टाळा. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी सोया दूधही एकदम पेलाभर पिऊ नये. त्याने क्वचित तीव्र रिॲक्शन येते.

घसा आवळणं, आवाज बदलणं, धाप लागणं, चक्कर, अंगभर गांधी किंवा वारंवार उलट्या झाल्यास गोळीवर थांबू नका. ॲड्रेनालिनचं पेन असेल तर लगेच टोचा आणि ९९९ ला (भारतात ११२ किंवा १०८) फोन करा. रुग्णाला आडवं ठेवा. धाप असेल तर बसवा, पण चालवू नका.

असं एकदाही झालं असेल, किंवा शिजवलेल्या सफरचंदानेही त्रास होत असेल, तर ॲलर्जीतज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत सफरचंद कोणत्याच रूपात खाऊ नका. अशा वेळी दोषी प्रथिन वेगळं, उष्णतेला दाद न देणारं असू शकतं.