अंगठ्याआधी विवेक

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे निम्मी रिकामी होतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील ऊसतोड मजूर कोयते आणि संसार गाडीत भरून पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, गावात उरतात ती वृद्ध माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. पूर्वी या पाच-सहा महिन्यांत मुलाची खुशाली कळायची ती गावाकडे फिरकलेल्या एखाद्या मुकादमाच्या तोंडून. आता दिवसभराची तोड संपवून कोपीसमोर बसलेला मुलगा आणि ओसरीवर बसलेली आई एकमेकांचे तोंड पाहू शकतात. ज्यांची मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली, त्या घरांची कथाही निराळी नाही.

म्हणूनच ‘म्हाताऱ्या माणसांना मोबाइल हवा कशाला?’ हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. खरा प्रश्न वेगळाच आहे. ज्या वाटेने लेकराचा आवाज घरात येतो, त्याच वाटेने अफवा, भोंदू औषधे, भय आणि चोरही येतात. अशा वेळी दार बंद न करता उंबरठा कसा राखावा, याचा विचार आपण येथे करू.

माध्यमे बदलणे ही नवी गोष्ट नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील अंबाजोगाईत दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर आपली ‘पासोडी’ लिहिली. पुढे छापील पोथी आली, वर्तमानपत्र आले, रेडिओ आला, दूरदर्शन आले. प्रत्येक नव्या माध्यमाशी जुळवून घ्यायला समाजाला एक-दोन पिढ्यांचा अवधी मिळाला. शिवाय बातमी आणि वाचक यांच्यामध्ये कुणीतरी संपादक बसलेला असे. मोबाइलने हा अवधीही दिला नाही आणि तो संपादकही ठेवला नाही. ती रिकामी खुर्ची आता आपल्यालाच भरायची आहे.

लवूळची माकडे आणि राईनपाड्याचा बाजार

डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ हे छोटेसे गाव जगभर गाजले. माकडांनी कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर, छपरांवर नेल्याच्या घटना तेथे घडल्या होत्या. ग्रामस्थ त्रस्त होते. वनविभागाने दोन माकडे पकडून नेली. पण मोबाइलवरून जी कथा फिरली ती अशी, की माकडांनी ‘सूड’ म्हणून अडीचशे कुत्री मारली. हा आकडा कुणी मोजला आणि माकडांच्या मनातला सूड कुणी वाचला, हे त्या संदेशांत कुठेच नव्हते. तरीही लोकांनी ती कथा चवीने पुढे पाठवली. थोडे सत्य आणि त्यावर बरीच फोडणी, अशीच बहुतेक अफवांची पाककृती असते. सर्वस्वी खोटी गोष्ट चटकन पचत नाही. मुळात काहीतरी घडलेले असते, म्हणूनच आपण फसतो.

लवूळच्या कथेने फार तर करमणूक झाली. मात्र हीच सवय माणसांच्या जिवावर उठू शकते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून भिक्षुकीसाठी आलेली ही माणसे ‘मुले पळवणारी टोळी’ ठरवली गेली, कारण तशा आशयाचे संदेश आधीपासून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते संदेश पुढे पाठवणाऱ्यांत दुष्ट माणसे किती असतील? बहुतेकांनी काळजीपोटीच, ‘आपल्या नातवंडांना जपा’ या भावनेनेच ते पाठवले असणार. हेतू चांगला असला म्हणजे कृती निर्दोष ठरत नाही, हे येथे ध्यानी घ्यावे लागते.

संदेशाच्या वर ‘फॉरवर्डेड’ असे दिसले, तर तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही, एवढे तरी निश्चित समजावे. दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून फिरत आलेला आहे. अशा संदेशाला एक रात्र घरात मुक्काम करू द्यावा. सकाळी तो तितकाच खरा वाटला, तर विश्वासू माणसाला विचारावे. घाईघाईने पाठवण्यासारखे त्यात सहसा काही नसते.

शरीर आणि मन

आरोग्याच्या संदेशांविषयी अधिक सावध राहणे आवश्यक आहे. २०२० च्या प्रारंभी, कोरोनाच्या साथीत, जागतिक आरोग्य संघटनेने खऱ्याखोट्या माहितीच्या या पुराला ‘माहितीची साथ’ म्हटले होते. ती साथ ओसरलेली नाही. ‘सात दिवसांत मधुमेह मुळासकट नाहीसा’, ‘रक्तदाबाची गोळी कायमची बंद’ असे संदेश आजही येतात. उच्च रक्तदाब बहुधा लक्षणे दाखवत नाही. त्यामुळे गोळी सोडल्यावर चार दिवस बरेच वाटते आणि संदेश खरा होता असा समज होतो. काही गोळ्या अचानक थांबवल्यास रक्तदाब उसळी घेतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. अनामिक चूर्णांत स्टेरॉइड किंवा शिसे-पाऱ्यासारखे धातू मिसळलेले आढळले आहेत. ते मूत्रपिंडांना अपाय करतात. म्हणून एक नियम पक्का करावा: नवे औषध सुरू करणे आणि चालू औषध थांबवणे, या दोन्ही गोष्टी मोबाइलच्या सांगण्यावरून कदापि करू नयेत. संदेश वैद्यांना वा डॉक्टरांना दाखवावा. त्यात संकोच नाही.

पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर, अंगणापलीकडच्या झाडाकडे पाहावे. अक्षरे मोठी करून घ्यावीत. मान खाली घालण्याऐवजी मोबाइल छातीच्या उंचीवर धरावा. चालताना तो पाहू नये, कारण उतारवयातले एक पडणे पुष्कळ महाग पडते. निजण्यापूर्वी तासभर तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. मात्र परगावच्या मुलाचा फोन चुकू नये म्हणून त्याची घंटा चालू असू द्यावी.

मनाची गोष्ट अधिक नाजूक आहे. मार्च २०२५ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येची छायाचित्रे प्रसृत झाली आणि मोबाइलवरून घरोघर पोहोचली. अवघा महाराष्ट्र हादरला. अशी दृश्ये एकदा डोळ्यांपुढे आली की ती सहजी जात नाहीत. झोप उडते, छातीत धडधडते, माणसांवरचा विश्वास डळमळतो. दुःखात सहभागी होण्यासाठी, न्यायाची मागणी करण्यासाठी ती चित्रे पाहण्याची वा पाठवण्याची गरज नसते. आणि ती पाठवताना, त्या घरातही मोबाइल आहे, हे आठवावे. आपल्या मोबाइलमधील चित्रे व चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करता येते. ती आजच बंद करून घ्यावी. जातीजातींत विष कालवणाऱ्या गटांतून निःसंकोच बाहेर पडावे; वडीलधारी व्यक्ती बाहेर पडली की धाकट्यांनाही धीर येतो. अस्वस्थता टिकून राहिली, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मात्र छातीत दुखू लागल्यास मोबाइलवर उपाय शोधत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

अंगठ्याचे मोल

आपल्या पिढीला अंगठ्याचे मोल कुणी शिकवायला नको. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवला आणि जमीन गेली, अशा कथा आपण लहानपणी ऐकल्या आहेत. आजचा कागद मोबाइलच्या पडद्यावर आहे आणि अंगठा तोच आहे.

‘तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, कुणाला सांगू नका’ असे गणवेशातील माणूस बजावतो आणि घाबरलेले वृद्ध आयुष्यभराची पुंजी त्याच्या हवाली करतात. याला ‘डिजिटल अटक’ म्हणतात. पण भारतीय कायद्यात असा प्रकारच अस्तित्वात नाही. पोलीस वा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही आणि पैसेही मागत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी याच फसवणुकीविषयी देशाला सावध केले होते. ‘कुणाला सांगू नका’ हे वाक्य ऐकू आले की फोन ठेवावा आणि तत्काळ कुणाला तरी सांगावे.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. अनोळखी क्रमांकावरून लग्नपत्रिका किंवा पीएम किसान योजनेचा अर्ज म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर तिला हात लावू नये. आणि आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल करता येत असल्याने, ‘आई, मी अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा फोन आल्यास तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. घरातल्यांनाच ठाऊक असा एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवणे उत्तम.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे मध्येच गोठवले जाण्याची शक्यता अधिक.

घरच्यांसाठी

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना दोन शब्द. फसलेल्या वडिलांवर रागावू नका. ‘तुम्हाला सांगितलं होतं ना’ हे एक वाक्य त्यांना पुढच्या वेळी गप्प बसवते, आणि १९३० ला फोन करण्याचे मोलाचे तास त्या गप्पपणात निघून जातात. लाजेमुळे लपवलेली फसवणूक पैशांबरोबर अन्नपाणी आणि झोपही हिरावून नेते.

हंगामाला निघण्यापूर्वी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. अक्षरे मोठी करा, घरच्यांचे क्रमांक छायाचित्रांसह लावून द्या, व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा पिन घाला. निवृत्तिवेतनाचे किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे ज्या खात्यात जमा होतात, ते यूपीआयला जोडू नका. किरकोळ खर्चाचे खाते वेगळे ठेवा. एखादी कृती तुम्ही करून दाखवण्यापेक्षा त्यांच्या हातून तीनदा करवून घ्या. गावात एखादा विश्वासू शेजारी, शिक्षक किंवा आशाताई नेमून द्या; शंका आली की आई-वडिलांना कुणाकडे जावे हे ठाऊक असले पाहिजे. आजी-आजोबांकडे सोपवलेल्या नातवंडांच्या मोबाइलच्या वेळाही तुम्हीच ठरवून जा. तो वाईटपणा थकलेल्या आजीच्या माथी मारू नका.

सदुपयोगाची वाट

सावधपणाच्या या सूचना वाचून मोबाइलच नको, असे कृपया ठरवू नये. ‘ई-संजीवनी’मुळे आरोग्य उपकेंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो, प्रत्येक शंकेसाठी बीड किंवा अंबाजोगाईची एसटी धरावी लागत नाही. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’मुळे निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला घरूनही देता येतो आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी मोबाइलसमोर चेहरा धरला तरी पुरते. गोळ्यांच्या वेळेची घंटा लावता येते. पायांनी पंढरीची वारी होत नसेल, तर कीर्तन घरी ऐकता येते. आणि गोठ्यातली गाय व्याली, हे कारखान्यावरच्या मुलाला दाखवताही येते.

ज्या अंबाजोगाईत दासोपंत होते, तीच मुकुंदराजांची भूमी. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘विवेकसिंधू’. विवेक म्हणजे निवड करण्याची शक्ती, आणि ती तरुणांपेक्षा आपल्यापाशी अधिक असायला हवी. बटणे कुठली दाबायची हे नातू आपल्याला शिकवील. पण चावडीवर आलेली बातमी ऐकून ‘कुणी सांगितलं? तू स्वतः पाहिलंस का?’ असे विचारणारी माणसे आपल्याच पिढीत होती. तेच दोन प्रश्न आता पडद्याला विचारायचे आहेत. उत्तर मिळेपर्यंत अंगठा आवरून धरावा.