सुट्टीतली बायबल शाळा

परभणीचं मे महिन्यातलं ऊन श्रोत्यांना ठाऊकच आहे. शाळा बंद, आईबाप कामावर आणि पोरं गल्लीत. याच अडचणीतून १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावरच्या मुलांसाठी भाड्याच्या जागेत उन्हाळी वर्ग भरवला. त्यातूनच सुट्टीतली बायबल शाळा जगभर गेली.

माझ्या ख्रिस्ती मित्राची मुलगी अशा पथकात होती. कॉलेजातली आठ-दहा मुलंमुली, पगार नाही. सकाळी सातला सुरू, ऊन तापायच्या आत बंद. हातवारे करत गाणी, एक गोष्ट, पाठांतराला एक वचन, कागदकाम, शेवटी सरबत. "चाचा, गाण्यात पोरं अडखळतात," म्हणून तिनं मला बोलावलं. भाषांतरित गाणी होती, अडखळणारच! मी म्हटलं, ओवीच्या चालीवर बसव. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भजनं ओवी-अभंगातच आणली ना?

अवघड काम निराळंच होतं. मुलं सगळ्या घरांतली येत. मी मक्तबात शिकलेला माणूस; लहानपणी पाठ केलेलं किती खोल जातं ते जाणतो. म्हणून तिला विचारलं, "आईबापांना सांगितलंस?" ती दारोदार फिरली. "आम्ही येशूच्या गोष्टी सांगतो. चालत असेल तरच पाठवा." एका आईनं नाही म्हटलं. तिचा मुलगा मग भिंतीपाशी उभा राहून ऐकू लागला. पोरीनं त्याला आत घेतलं नाही. पुन्हा त्याच्या आईकडे गेली.

आई म्हणाली, "खेळायला येऊ दे. गोष्टीच्या वेळी घरी धाड."

तसंच ठरलं.