उसाचा रस आणि तोंडातली लाळ



गव्हाणीतला ऊस गाळला, की रसाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. वाटीभर रसावरून ब्रिक्स कळतो, आम्लता कळते, ऊस ताजा की शिळा तेही कळते. आपल्या देहाच्या कारखान्यातही असाच एक रस अहोरात्र झिरपत असतो. तो म्हणजे लाळ. तिला मात्र आपण नुसती थुंकी समजतो!

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच. उरलेल्या एका भागात क्षार, पाचक द्रव्ये, जंतूंशी झुंजणारी प्रथिने आणि रक्तातून आलेली काही द्रव्ये असतात. म्हणूनच लाळ अंगातल्या घडामोडींची साक्ष देते. ताणाने वाढणारे कॉर्टिसॉल तिच्यातून मोजता येते. हिरड्या आतून सडू लागल्या की तिच्यातली काही द्रव्ये वाढतात. अमेरिकेत २०१२ साली हिरड्यांवरून बोळा फिरवून घरीच एचआयव्हीची चाचणी करण्यास परवानगी मिळाली. २०२० साली कोविडच्या चाचणीसाठीही लाळ कामी आली. तोंडाच्या कर्करोगाच्या खुणा लाळेत शोधण्याचे संशोधन चालू आहे. मात्र मधुमेहासाठी अजून रक्तच तपासावे लागते, हे ध्यानात असू द्यावे.

आता साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहायला जरा जड जाते, पण सभासदांपासून लपवायचे कशाला? शिळ्या उसात जंतू साखरेचा चिकट डेक्स्ट्रान करतात आणि आपला उतारा पाडतात. तोंडातले जंतूही साखरेचा तसाच चिकट थर दातांवर चढवतात, वर आम्ल सोडतात. सामू साडेपाचाच्या खाली उतरला की दाताचे कवच विरघळू लागते. कारखान्यात आपण चुना घालून आम्लता मारतो. तोंडात ते काम लाळ करते. पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेवढ्यात दुसरा गोड चहा आला तर ती बिचारी काय करणार?

स्वीडनमधील व्हिपेहोल्म इस्पितळातल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांची संमती न घेता केलेला तो प्रयोग आज निंद्यच मानला जातो. पण त्यातून एक गोष्ट कळली: जेवणाबरोबर साखर खाणारांपेक्षा मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणारांचे दात कितीतरी जास्त किडले. तेव्हा साखर किती खाल्ली याइतकेच ती कितीदा खाल्ली यालाही महत्त्व आहे. गोड खायचे ते जेवतानाच खावे, आणि मग चूळ भरावी.

प्रयोगशाळेवाचूनही काही खुणा घरी ओळखता येतात. तोंड सारखे कोरडे पडते, रात्री पाण्याला उठावे लागते, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. कधी औषधांमुळेही लाळ आटते. म्हणून चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. तोंडातला चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, किंवा सुपारी-गुटख्याने तोंडात उभी तीन बोटे मावेनाशी झाली, तर एक दिवसही दवडू नये. मिश्रीने दात स्वच्छ होतात हा समज आयाबहिणींनी सोडावा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच!

तोडणी लांबली की उसाचे वजन घटते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. तोंडाच्या दुखण्याचेही तसेच आहे. हंगाम संपल्यावर बघू, असे म्हणू नका. याच आठवड्यात घरातल्या सर्वांची तोंडे उजेडात पाहा.