एक ओळ गळाली, हक्क गेले!

स्मशानातून उठून माणसांवर तुटून पडणारी चालती प्रेते आज जगभरच्या पडद्यावर वावरतात. या आधुनिक भयपटपरंपरेची गंगोत्री म्हणजे १९६८ मधील 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा अमेरिकी चित्रपट. मात्र, तो घडविणारे जॉर्ज रोमेरो यांच्या पदरात या यशाच्या मानाने फारच थोडे पडले. त्याला कारण ठरली पडद्यावरून गळालेली एक ओळ.

१९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले रोमेरो शिक्षणासाठी पिट्सबर्गला आले आणि तेथेच मित्रांसमवेत जाहिरातपट करू लागले. हॉलिवूडचा आधार नसल्याने चित्रपटासाठी १० जणांनी प्रारंभी प्रत्येकी ६०० डॉलर काढले. अखेरचा खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलरवर गेला. रिचर्ड मॅथेसन यांच्या 'आय अ‍ॅम लेजंड' या कादंबरीवरून स्फुरलेली कथा, पाडण्यासाठी ठरलेले फार्महाऊस आणि रक्ताऐवजी चॉकलेटचे सिरप, असा सारा मामला होता. शेवट सुखान्त करण्याची सूचना रोमेरो यांनी धुडकावली. ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याला त्यांनी नायकाची भूमिका दिली.

नाव बदलले आणि...

चित्रपटाचे मूळ नाव होते 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरकाने ते बदलले. जुन्या शीर्षकासोबत पडद्यावर स्वामित्वहक्काची सूचना होती. नव्या शीर्षकासोबत ती टाकायची राहून गेली. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार अशी सूचना नसलेली कलाकृती प्रदर्शित होताच सार्वजनिक मालकीची ठरे. परिणामी, कोणीही चित्रपटाच्या प्रती काढाव्यात, विकाव्यात, असे झाले. निर्मात्यांना त्यातून छदामही मिळण्याची सोय नव्हती. सूचनेची ही सक्ती अमेरिकेत १ मार्च १९८९ पासून रद्द झाली. पण जुन्या चित्रपटाला त्याचा उपयोग नव्हता.

विरोधाभास असा, की या मुक्त संचारामुळेच चित्रपट घरोघरी पोहोचला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. रोमेरो मात्र पुढच्या प्रत्येक चित्रपटासाठी पैसा उभारत राहिले. १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'चे चित्रीकरण त्यांनी पिट्सबर्गजवळच्या मॉलमध्ये, दुकाने बंद झाल्यावर रात्री केले. या चित्रपटाची कादंबरीही त्यांनी सुझॅना स्पॅरो यांच्यासह लिहिली.

१६ जुलै २०१७ रोजी टोरांटोत त्यांचे निधन झाले. 'द लिव्हिंग डेड' ही त्यांची कादंबरी तेव्हा अपुरीच होती. डॅनियल क्राऊस यांनी ती पूर्ण केली आणि २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्वतःच्या पैशाने कलाकृती करू पाहणाऱ्या प्रत्येकाने वितरकाच्या हाती प्रत देण्यापूर्वी कागदपत्रे का तपासावीत, हे रोमेरो यांच्या कारकिर्दीइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगेल.