अपवादाची तजवीज
समुद्रपूर तहसिलीतील एखाद्या सातबाऱ्याचे क्षेत्र संगणकात नोंदविताना अंकाऐवजी अक्षर पडले, तर ज्या आज्ञावलीत अशा अपवादाची तजवीज नाही ती जागीच थांबते. परंतु पायथॉन भाषेत जोखमीचे विधान ‘ट्राय’खाली आणि त्यावरील इलाज ‘एक्सेप्ट’खाली लिहिला असता, चूक पकडली जाऊन क्षेत्र पुन्हा विचारता येते व उर्वरित काम सुरळीत चालते. मात्र पकडलेली चूक निमूटपणे दडपणे हा मी गंभीर दोष मानतो, कारण त्याने दफ्तरात खोटी नोंद कायम होते. उलट, तजवीजच नसली तर काय होते तेही पाहा: ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला, तो ६४ बिटांच्या संख्येचे १६ बिटांत रूपांतर करताना ती न मावून उद्भवलेल्या अपवादाने त्याचे दिशादर्शक संगणक बंद पडल्यामुळे. त्या रूपांतरणास संरक्षण दिलेलेच नव्हते.