डॉल्फिनच्या नावाचे फूल

डेल्फिनियमच्या तुऱ्यावरची एखादी न उमललेली कळी बाजूने पाहा. पुढे फुगीर डोके, मागे निमुळती होत गेलेली, किंचित वळलेली शेपटी. प्राचीन ग्रीक लोकांना हा आकार चांगलाच परिचयाचा होता. त्यांचा देश समुद्राने वेढलेला. जहाजांपुढे उड्या मारीत जाणारे डॉल्फिन त्यांनी नेहमी पाहिलेले. त्यांच्या भाषेत डॉल्फिनला ‘डेल्फिस’ म्हणत, म्हणून या झाडाला त्यांनी ‘डेल्फिनियन’ म्हटले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस याच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात हे नाव सापडते. पुढे १७५३ साली लिनीअसने तेच लॅटिन वळणाने ‘डेल्फिनियम’ असे प्रजातीला दिले.

पण डॉल्फिनला तरी ‘डेल्फिस’ का म्हणायचे? ग्रीक भाषेत ‘डेल्फुस’ म्हणजे गर्भाशय. दिसायला माशासारखा असलेला हा प्राणी अंडी घालीत नाही, पिलांना जन्म देतो आणि दूध पाजतो. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच हे लिहून ठेवले होते. ‘गर्भ असलेला मासा’ असा त्या नावाचा अर्थ. गंमत पुढेच आहे. ‘डेल्फुस’ आणि आपला संस्कृत ‘गर्भ’ हे एकाच प्राचीन मूळ शब्दापासून आले असावेत, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीक लोक भावाला ‘ॲडेल्फॉस’ म्हणत, म्हणजे एकाच उदरातून आलेला. आपण ‘सहोदर’ म्हणतो तसेच. तेव्हा गाभण, गाभा, गाभारा हे आपले रोजचे शब्द या परदेशी फुलाच्या नावाचे दूरचे नातलग ठरतात!

इंग्रजांना या फुलात डॉल्फिन दिसला नाही. त्यांनी उमललेल्या फुलाच्या मागची लांब, पोकळ सोंड पाहिली आणि त्यांना चंडोल पक्ष्याच्या मागच्या बोटाची लांब नखी आठवली. म्हणून त्यांचे नाव ‘लार्कस्पर’, चंडोलाची नखी.

ही सोंड नुसती शोभेची नाही. डेल्फिनियमचा रंगीत भाग आपण पाकळ्या समजतो, पण ती आहेत पाच निदले. वरचे निदल मागे वाढून सोंड होते. खऱ्या पाकळ्या लहान, मध्यभागी दडलेल्या चार. त्यांतील वरच्या दोघींच्या मधाच्या नळ्या या सोंडेत शिरलेल्या असतात. तिथवर पोचायला लांब जीभ हवी. युरोपात ते काम बंबलबी नावाच्या केसाळ मधमाश्या करतात. त्या तुऱ्याच्या तळापासून सुरुवात करून वर चढतात. तुऱ्यात खालची फुले आधी उमलतात, आणि प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर. म्हणजे खालची जुनी फुले पराग घेण्याच्या अवस्थेत, तर वरची ताजी फुले पराग देण्याच्या. माशी वरून पराग घेऊन उडते आणि दुसऱ्या तुऱ्याच्या तळाशी उतरते. परपरागणाची याहून सोपी सोय कोणती असणार?

फुलाच्या नावावरून एका रंगद्रव्याचेही नाव पडले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी १९१५ साली या फुलांच्या रंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या द्रव्याचे नाव ‘डेल्फिनिडिन’. तुमच्या स्वयंपाकघरातल्या जांभळ्या वांग्याच्या सालीत तेच असते.

डेल्फिनियमच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. बागेतले पुरुषभर उंचीचे संकरित प्रकार मुख्यतः ‘इलेटम’ या जातीपासून तयार झाले. ते थंड हवेचे. आपल्या मैदानी उन्हाळ्यात टिकत नाहीत. मात्र या प्रजातीची एक जाती अगदी आपली आहे, ‘निळवंती’. शास्त्रीय नाव ‘डेल्फिनियम मलबारिकम’. नावात मलबार असले तरी ती महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत, पावसाळा सरताना निळी फुलते. पश्चिम घाटाबाहेर जगात ती कुठेच आढळत नाही आणि घाटातही दुर्मिळ आहे. तोडलेल्या प्रत्येक तुऱ्याबरोबर तिचे पुढच्या वर्षीचे बी जाते. सहलीत दिसली तर जागेवरच पाहा, चित्र काढा.

फूल उकलून पाहायचे असेल तर शाळेच्या बागेत वर्षायू लार्कस्पर लावा. पावसाळा संपून हवा गार झाली की बी थेट वाफ्यातच पेरा. रोपे उपटून दुसरीकडे लावलेली त्याला मानवत नाहीत. मात्र या कुळीतल्या झाडांत विषारी अल्कलॉइडे असतात, बियांत तर विशेष. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कुरणांत रानटी डेल्फिनियम खाऊन गुरे दगावतात. तेव्हा बी हाताळल्यावर हात धुवा आणि बागेत शेळ्या येऊ देऊ नका.

लार्कस्परच्या फुलात चार पाकळ्या शोधत बसू नका. तिथे त्या एकच जोडलेली पाकळी होऊन राहिल्या आहेत. याच फरकामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ‘कन्सॉलिडा’ या वेगळ्या प्रजातीत टाकले होते. अलीकडे डीएनएच्या अभ्यासाने मात्र ते डेल्फिनियमच्याच घरातले ठरले आहे.