विश्लेषण : सूर्यावरचे डाग अजूनही माणसेच का मोजतात?

सूर्यावर नजर ठेवायला ‘आदित्य एल१’सारखी याने आहेत. तरीही सौरडागांचा जागतिक आकडा ठरतो तो छोट्या दुर्बिणीतून माणसांनी केलेल्या मोजणीवर. त्यात हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा आहे.

सुरुवात कशी झाली?

जर्मनीतील डेसाऊचे औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे बुधाच्याही आत फिरणारा ग्रह शोधत होते. सूर्यबिंबावरून जाणारा ग्रह डागांच्या गर्दीत निसटू नये, म्हणून १८२६ पासून त्यांनी डागांची नोंद सुरू केली. ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच! मात्र १८४३ पर्यंतच्या नोंदींतून डाग साधारण दहा वर्षांच्या अंतराने वाढतात आणि ओसरतात, हे दिसले. आज हे चक्र सरासरी ११ वर्षांचे मानले जाते.

आकडा कसा काढतात?

झुरिचच्या रुडॉल्फ व्होल्फ यांनी १८४८ च्या सुमारास सूत्र मांडले. डागांच्या गटांची संख्या गुणिले १०, अधिक सुट्या डागांची संख्या. दोन गटांत मिळून सात डाग असतील तर आकडा २७. एकच डाग असेल तर ११. प्रत्येकाची नजर, दुर्बीण आणि आकाश वेगळे, म्हणून निरीक्षकागणिक एका गुणकाने हा आकडा जुळवून घेतात. १९८१ पासून हे काम ब्रसेल्समध्ये चालते.

यानांची छायाचित्रे का वापरत नाहीत?

खरी मेख इथेच आहे. उत्तम कॅमेऱ्याला बारीकसारीक ठिपकेही दिसतील, आकडा फुगेल. सूर्य मात्र होता तसाच असेल. असे एकदा घडलेही आहे. व्होल्फ सोडून देत ते बारीक ठिपके त्यांचे उत्तराधिकारी अल्फ्रेड व्होल्फर मोजू लागले. जुन्या मोजणीशी मेळ राहावा म्हणून नवे आकडे ०.६ ने गुणण्याची प्रथा पडली, ती २०१५ च्या फेररचनेपर्यंत टिकली. गेल्या शतकांत सूर्य खरेच अधिक सक्रिय झाला का, हा वाद या जोडकामावरच अवलंबून होता.

अशा वेळी एकाच व्यक्तीने, एकाच दुर्बिणीने, वर्षानुवर्षे ठेवलेली वही सोन्याच्या मोलाची ठरते. जपानच्या हिसाको कोयामा यांनी १९४४ मध्ये हौसेने काढलेले चित्र तज्ज्ञांकडे पाठवले. पुढे टोकियोच्या विज्ञान संग्रहालयात त्यांनी दहा हजारांहून अधिक रेखाटने केली. चार शतकांच्या नोंदी जुळवताना ती आधाराला आली.

घरून करता येईल का?

येईल. पण सूर्याकडे दुर्बिणीतून थेट पाहू नये; डोळा कायमचा जाऊ शकतो. प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी आणि पेन्सिलीने डाग टिपावेत, किंवा प्रमाणित सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला बसवावा, डोळ्याकडच्या भिंगाला नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात वहीची पाने कोरी राहतात. त्या दिवसांपुढे ‘शून्य’ लिहायचे नाही, जागा रिकामी सोडायची. शून्य म्हणजे सूर्य पाहिला आणि डाग नव्हता.